घरचे पाणी आणि प्रयोगशाळेची साक्ष

आपल्याकडील सुसंस्कृत घरांत पाण्याइतकी निगा दुसऱ्या कोणत्याही पदार्थाची राखली जात नसेल. पाणी दुहेरी फडक्याने गाळून घ्यावयाचे, हंड्यावर झाकण ठेवावयाचे, उष्टा हात लागू द्यावयाचा नाही, पावसाळ्यात तुरटी फिरवावयाची, उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी सोडावयाची, या साऱ्या चाली आजी-पणजींपासून चालत आलेल्या असून त्यांतील पुष्कळशा शहाणपणाच्या आहेत. हल्ली त्यांच्या जोडीला स्वयंपाकघराच्या भिंतीवर शुद्धीकरणयंत्रही येऊन बसले आहे. तथापि ‘आपल्या घरचे पाणी पिण्यास योग्य आहे, हे आपणांस कशावरून ठाऊक?’ असा प्रश्न कोणत्याही घरी करून पाहावा. उत्तर ठरलेले असते. पाणी स्वच्छ दिसते, गोड लागते आणि आजवर कोणाला काही झाले नाही. डोळा, जीभ आणि पूर्वानुभव हे तिन्ही साक्षीदार भले आहेत. परंतु ज्या गोष्टीची चौकशी करावयाची ती त्यांच्या दृष्टीच्या टप्प्यातच येत नाही, ही अडचण आहे.

इसवी सन १८५४ मध्ये लंडनच्या सोहो भागात पटकीची भयंकर साथ आली आणि दहा दिवसांत पाचशेंहून अधिक माणसे दगावली. डॉक्टर जॉन स्नो यांनी घरोघर हिंडून मृत्यूंची नोंद केली, तेव्हा बहुतेक सर्वांचे पाणी ब्रॉड स्ट्रीटवरील एकाच पंपाचे असल्याचे त्यांस आढळले. या चौकशीतील एक हकीकत आम्हांस नेहमी आठवते. त्या भागापासून दूर, हॅम्पस्टेड येथे राहणारी एक विधवा बाई पटकीने वारली. तिच्या आसपास साथीचा मागमूस नव्हता. विचारपूस करता कळले, की ती पूर्वी सोहोत राहत असे आणि तेथील पंपाच्या पाण्याची गोडी तिला इतकी होती, की रोज गाडीबरोबर त्या पाण्याची बाटली ती मागवून घेई. पुढे शोध लागला, की पंपाच्या विहिरीपासून अवघ्या काही फुटांवर एका घराचा मैलाखड्डा पाझरत होता. पाणी मात्र अखेरपर्यंत गोडच लागत होते. स्नो यांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली धरूनही निश्चित असे काही त्यांस दिसले नाही. पटकीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी दाखवून दिला तो १८८३-८४ साली, प्रथम मिसर देशात व नंतर कलकत्त्यास, आणि तेथे तो एका तळ्याच्या पाण्यातही सापडला.

तिसरा साक्षीदार जो पूर्वानुभव, त्याचे बोलणे घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडी ऐकू येते. ‘अरे, या विहिरीवर चार पिढ्या वाढल्या!’ हे वाक्य कोकणात, देशावर, सर्वत्र आम्ही ऐकले आहे. त्यास आमचे नम्र उत्तर असे, की त्या चार पिढ्यांच्या काळी परसात आजच्यासारखी सेप्टिक टाकी नव्हती आणि शेजारी चार मजली इमारतही नव्हती. शिवाय घराण्याच्या वंशावळीत जी मुले वाढली त्यांचीच नावे असतात. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी जुलाबाने गेलेल्या बालकांस वंशावळीत स्थान नसते. त्यांची गणती केली असती, तर चार पिढ्यांची साक्ष वेगळी निघाली असती.

येथे एक कटू गोष्ट बोलावी लागते. शुद्धाशुद्धतेचा विचार आपल्या समाजाने पाण्याच्या बाबतीत जितका केला, तितका क्वचितच कोणी केला असेल. पण तो विचार पाणी कोण भरतो, कोणाचा हात लागतो, याभोवती फिरत राहिला. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी २० मार्च १९२७ रोजी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर व त्यांच्या अनुयायांनी प्राशन केले, तेव्हा सनातनी मंडळींनी मंत्रघोषात पंचगव्य तळ्यात सोडून ते तळे ‘शुद्ध’ झाल्याचे ठरविले. माणसाच्या ओंजळीने पाणी विटाळते आणि शेणाने निवळते, हा निर्णय ज्यांनी दिला ते आपल्यासारख्याच शिकल्यासवरल्या घरांतले होते. आजच्या कोणत्याही प्रयोगशाळेने त्या दोन्ही वेळचे नमुने तपासले असते, तर निकाल नेमका उलट लागला असता. नमुना कोणी भरला, एवढेच प्रयोगशाळा विचारते. भरणाऱ्याची जात तिच्या कागदावर नसते. पाण्याच्या शुद्धतेचा प्रश्न सोवळ्याच्या खुंटीवरून काढून काचेच्या नळीत घालणे, एवढेच आम्हांस या लेखात सुचवावयाचे आहे.

आता प्रयोगशाळेत होते काय, ते पाहू. पाण्याची तपासणी ही एक नसून दोन आहेत, आणि या दोहोंची गल्लत झाल्यामुळे पुष्कळांचा पैसा व वेळ व्यर्थ जातो. एक तपासणी जंतूंची, दुसरी क्षारांची. पहिलीतील दोष माणसाला चार दिवसांत अंथरुणावर आणतो. दुसरीतील दोष बहुधा वर्षानुवर्षे हळूहळू अंगात मुरतो. जंतूंच्या तपासणीत विषमज्वराचा, पटकीचा असे निरनिराळे जंतू हुडकीत बसत नाहीत. माणसाच्या व इतर उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या आतड्यांत ‘ई. कोलाय’ नावाचे जंतू कोट्यवधींनी वास करतात. ते पाण्यात सापडले, की त्या पाण्याला कोठे तरी मैल्याचा संसर्ग झाला आहे हे सिद्ध होते. मग त्या मैल्याबरोबर आज कोणता रोग आला अथवा उद्या येईल, हा केवळ योगायोगाचा प्रश्न उरतो. परीक्षक दुग्धशर्करा घातलेल्या द्रवाच्या नळ्यांत नमुन्याचे ठरावीक भाग सोडून त्या नळ्या शरीराच्या उष्णतेइतक्या उबेत ठेवतात. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत ज्या नळ्यांत आम्लता व वायू उत्पन्न होतो, त्यांच्या संख्येवरून १०० मिलिलिटर पाण्यात किती जंतू असावेत याचा अंदाज बांधतात. भारतीय मानक १०५०० (सन २०१२) यानुसार पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय एकही आढळता कामा नये. येथे ‘थोडेसे चालेल’ ही सवलत नाही.

क्षारांच्या बाबतीत मात्र प्रदेश पाहून प्रश्न विचारावा लागतो. अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांतून पूर्णा नदीच्या खोऱ्यात पसरलेला खारपाण पट्टा सर्वांस ठाऊक आहे. तेथे खारटपणाची मोजणी अगत्याची. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील कित्येक गावी विंधनविहिरींच्या पाण्यात फ्लोराईड अधिक असते. त्याची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम असून दुसरा उद्भव नसेल तर दीड मिलिग्रॅमपर्यंत सूट आहे. त्यापुढे मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे उमटतात आणि पुढे हाडे ताठरतात. देशावरील काळ्या खडकातील बोअरचे पाणी जड, म्हणून डाळ शिजत नाही व साबणाला फेस येत नाही. हा त्रास खरा, परंतु भयाचा नव्हे. खतांचा मारा असलेल्या बागायती भागात आणि मैलाखड्ड्यांशेजारच्या विहिरींत नायट्रेट पाहून घ्यावे. त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. ज्या घरी वरच्या दुधावरचे तान्हे मूल आहे, तेथे ही तपासणी टाळूच नये. कारण अधिक नायट्रेटामुळे अशा बालकाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी होऊन ते निळे पडते. आणि ज्या उकळण्यावर आपली सर्व भिस्त, त्याने नायट्रेट कमी न होता, पाणी आटल्यामुळे, उलट वाढते.

नमुना न्यावयाचा कोठे? जिल्हा सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा व उपविभागीय प्रयोगशाळा, पुण्यातील राज्य सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा आणि मोठ्या महानगरपालिकांच्या स्वतःच्या प्रयोगशाळा ही आपल्याकडील ठिकाणे होत. जल जीवन मिशनच्या योजनेत सन २०२१ पासून सरकारी प्रयोगशाळांची दारे सामान्य नागरिकांस माफक शुल्कात खुली करण्याचे धोरण आहे. ही संस्था ग्रामपंचायतीसाठी आहे, आम्हां घरगुती लोकांसाठी नव्हे, अशी समजूत करून घेऊन पुष्कळ सुशिक्षित माणसे पायरी चढण्यापूर्वीच परत फिरतात. त्यांनी एकदा दूरध्वनी करून शुल्क, वार व वेळ विचारून घ्यावी. जंतूंचा नमुना आला, की परीक्षकास तो त्याच दिवशी लावावा लागतो. म्हणून शनिवारी दुपारी बाटली घेऊन जाणे कोणाच्याच सोयीचे नाही.

आणि बाटली तिकडूनच आणावी. हा मुद्दा आम्ही मुद्दाम विस्ताराने सांगतो, कारण निम्मे निकाल येथेच बिघडतात. जंतुतपासणीची बाटली प्रयोगशाळेतून निर्जंतुक करून, तोंडाला कागद बांधून मिळते. तिच्या तळाशी किंचित पांढरी पूड किंवा डाग दिसतो. आपल्या गृहिणींची टापटीप अशी, की तो पाहताच त्या बाटली राखेने नाही तरी साबणाने घासून, दोनदा विसळून, उपडी घालून ठेवतात! वस्तुतः तो सोडियम थायोसल्फेट नावाचा पदार्थ असतो. नळाच्या पाण्यातील क्लोरीन तो निष्प्रभ करतो. तो नसेल, तर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत बाटलीतल्या बाटलीत क्लोरीन जंतूंना मारीत राहील आणि आपण प्यालेले पाणी व तपासलेले पाणी ही दोन वेगळी होतील. म्हणून ती बाटली विसळावयाची नाही. नळाच्या तोंडाची जाळी अथवा बांधलेले फडके काढावे, दोन-तीन मिनिटे पाणी वाहू द्यावे, नळ धातूचा असल्यास स्पिरिटच्या बोळ्याने त्याचे तोंड शेकून घेऊन पुन्हा थोडे पाणी सोडावे. मग बाटली बुडाशी धरून, तोंडाला वा बुचाच्या आतल्या बाजूला बोट न लावता, वर बोटभर जागा राखून भरावी. विहिरीचा नमुना घरच्या बादलीने काढून बाटलीत ओतू नये, कारण मग तो विहिरीचा नमुना न राहता बादलीचा होतो. निर्जंतुक बाटलीलाच दोरी व दगड बांधून ती पाण्यात सोडावी. बर्फाच्या पिशवीत ठेवून सहा तासांच्या आत, फार तर चोवीस तासांत, नमुना पोचवावा. क्षारांच्या तपासणीची रीत अगदी उलट. तेथे एक-दोन लिटरचा स्वच्छ कॅन त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून काठोकाठ भरावा, घाईचे कारण नाही.

एकच नमुना म्हणजे अर्धाच प्रश्न. आमच्या परिचयाच्या एका मोठ्या कुटुंबात पावसाळ्याच्या तोंडी तीन मुले एकामागून एक आजारी पडली, तेव्हा त्या घरातील सुनेने तीन बाटल्या भरल्या: एक रस्त्यावरून येणाऱ्या नळाची, दुसरी गच्चीवरील टाकीतून स्वयंपाकघरात येणाऱ्या पाण्याची, तिसरी माठातली. पहिली निर्दोष ठरली. उरलेल्या दोन्ही अयोग्य. तोपर्यंत घरात नगरपालिकेच्या नावाने बोटे मोडणे चालू होते. टाकीचे झाकण तडकलेले असून आत पारव्यांची पिसे पडली होती, हे गच्चीवर चढल्यावर दिसले. कित्येकदा याच्या उलटही होते. जेथे पाणी दिवसातून दोनच तास येते, तेथे उरलेले बावीस तास जमिनीखालील नळ रिकामा असतो, आणि त्याला कोठे चीर असेल तर शेजारच्या गटाराचे पाणी आत ओढले जाते. अधिक पाणी मिळावे म्हणून जे गृहस्थ थेट सार्वजनिक नळालाच पंप लावतात, ते ही ओढ आणखी वाढवितात. अशा वेळी नळ आल्याबरोबरचे पहिले पाणी आणि अर्ध्या तासानंतरचे पाणी असे दोन नमुने द्यावे. माठाचा नमुना वाईट निघाला, तर मात्र औषध सोपे आहे. बुडविलेला पेला व त्यामागची पाच बोटे वर्ज्य करून लांब दांड्याचे ओगराळे वापरावे.

येथे दारावर येणाऱ्या विक्रेत्यांविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. हे गृहस्थ दोन पेले मांडतात, एकात आपल्या नळाचे पाणी, दुसऱ्यात त्यांच्या यंत्रातले. विजेच्या दोन-दोन कांड्यांचे उपकरण त्यांत बुडविले, की नळाचे पाणी क्षणात तपकिरी, गढूळ होते आणि यंत्राचे तसेच राहते. घरातील मंडळी हबकून जातात. या चमत्काराचे रहस्य असे, की एक कांडी लोखंडाची असते. क्षारयुक्त पाण्यातून वीज वाहताच तीच झिजून तिचा गंज पाण्यात उतरतो. यंत्राच्या पाण्यातील क्षार काढून टाकलेले असल्याने वीज फारशी वाहत नाही, म्हणून गंजही होत नाही. वाचकांनी त्या ‘शुद्ध’ पाण्यात चिमूटभर मीठ टाकून तोच प्रयोग पुन्हा करण्याची विनंती करावी. खिशातला टी. डी. एस. मीटरही असाच अर्धवट साक्षीदार. तो पाण्याची विद्युद्वाहकता मोजून क्षारांचा अंदाज सांगतो; जंतूंविषयी त्याला काहीही कळत नाही. विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आणि दुसरा उद्भव नसेल तर २००० पर्यंत आहे. धरणाचे गोडे पाणी या मर्यादेच्या पुष्कळ आत असताना क्षार काढण्याचे यंत्र बसवून बादल्यांवर बादल्या पाणी गटारात सोडणे, हे आम्हांस सुशिक्षितपणाचे लक्षण वाटत नाही.

घरच्या घरी काहीच करता येत नाही काय? येते. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतील मांजा, मौर्य व राव यांनी १९८२ साली एक सोपी बाटली प्रसिद्ध केली. तीत खुणेपर्यंत पाणी भरून एक-दोन दिवस उबेत ठेवले आणि पाणी काळे पडले, तर मैल्याचा संशय घ्यावा. खेड्यांत प्रशिक्षित महिला असल्या तपासण्या करतात. काळी पडलेली बाटली हा प्रयोगशाळेकडे धाव घेण्याचा इशारा समजावा. न पडलेली म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातील जंतू कमी होतात, हेही प्रयोगांत दिसून आले आहे. परंतु विहिरीशेजारचा मैलाखड्डा तांब्याच्या हंड्याने हलत नाही.

अहवालावर ‘पिण्यास योग्य’ अशी अक्षरे आली, की तो कागद देव्हाऱ्यात ठेवण्याचा मोह होतो. पण तो त्या दिवसाचा, त्या वेळेचा दाखला आहे. दिल्लीत १९५५ च्या अखेरीस यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळले. अधिकाऱ्यांनी क्लोरीन वाढविले, त्यामुळे विषमज्वर वा अतिसार फैलावला नाही. तथापि सुमारे २९,००० लोकांस कावीळ झाली. क्लोरीनने जंतू मेले, विषाणू तरले. त्या काविळीचा विषाणू आज ‘हेपटायटिस ई’ या नावाने ओळखला जातो. अगदी अलीकडे, जानेवारी २०२५ मध्ये, पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या परिसरात गुइयाँ-बारे नावाच्या मज्जाविकाराचे रुग्ण आढळू लागले व पाहता पाहता संशयितांची संख्या दोनशेंवर गेली. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जंतू आढळला आणि तेथील पाण्याकडे सर्वांचे लक्ष वेधले गेले. चांगल्या सुखवस्तू वसाहतींतील माणसे श्वासयंत्रावर गेली. म्हणून वर्षातून किमान दोनदा, एकदा उन्हाळ्याच्या अखेरीस आणि एकदा पहिल्या जोरदार पावसानंतर आठवडाभरात, नमुना द्यावा असे आम्ही सुचवितो. त्यांतही पावसानंतरचा नमुना अधिक बोलका असतो.

निकाल ‘अयोग्य’ आला, तर काय करावे? पहिले काम, पाणी खळखळून उकळून पिणे. एक मिनिटभर उकळी टिकली तरी पुरे. विहीर असल्यास तीत ब्लीचिंग पावडर सोडावी. प्रमाण असे: दर १००० लिटर पाण्यास चांगल्या प्रतीची पावडर सुमारे अडीच ग्रॅम. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल, तर ते सुमारे २८,००० लिटर भरते आणि त्यास ७० ग्रॅम पावडर लागते. ती बादलीत कालवावी, चुना खाली बसू द्यावा व वरचे निवळ पाणी रात्री विहिरीत सोडून घुसळावे; निदान एक तासपर्यंत पाणी काढू नये. उघड्या डब्यातली जुनी पावडर निरुपयोगी असते. मैलाखड्डा विहिरीपासून पन्नास फुटांच्या आत असेल, तर मात्र पावडर हा रोजचा खर्च होऊन बसतो आणि खड्डाच हलवावा लागतो.

यापुढची अडचण शास्त्राची नसून भिडेची आहे. विहीर सामाईक असली, चुलत भावांची अथवा सोसायटीची, तर ‘अयोग्य’ हा शब्द कोणाला उच्चारावयास नको असतो. घराची किंमत उतरेल, भाडेकरू जातील, चुलत्यांना आपल्यावर ठपका आला असे वाटेल, अशा कारणांनी तो कागद कपाटात जातो. खालच्या मजल्यावरील तान्ह्या मुलाची आई तेच पाणी बाटलीत भरीत राहते. भांडी घासणाऱ्या बाई तेच पाणी पिऊन घरी जातात. अहवाल ज्यांच्या पोटात ते पाणी जाते त्या सर्वांच्या मालकीचा आहे; यास्तव त्याची प्रत त्याच दिवशी जिन्यात लावावी, आणि एक प्रत ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे किंवा नगरपालिकेच्या आरोग्य खात्याकडे पोच घेऊन द्यावी. फेरतपासणीचा नमुना क्लोरीन टाकल्याच्या दुसऱ्याच दिवशी नेऊ नये. त्याने केवळ पावडरीचे गुण कळतात, विहिरीचे नव्हेत. वास पूर्ण गेल्यावर, आठ-दहा दिवसांनी, त्याच ठिकाणाहून व शक्यतो त्याच वेळी पुन्हा बाटली भरावी, आणि दोन्ही अहवाल एकाच वहीत तारखेसह चिकटवून ठेवावे.